नळाचा बोळ

खांबेटे सरांनी मला ओळखलं नाही, याची खात्री मी दोनदा करून घेतली.

पहिल्यांदा सोलापूरच्या विश्रामगृहाच्या पायऱ्यांवर. ते गाडीतून उतरले, हात जोडून म्हणाले, "डॉक्टर सांगवीकर ना, बंगळूरच्या? तुमचं नाव फार ऐकून आहे." मी चष्मा काढला, पुसला, त्यांच्याकडे सरळ बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर नुसता सौजन्याचा हसरा भाव. दुसऱ्यांदा नाश्त्याच्या टेबलावर.

"सांगवीकर म्हणजे मूळचे कुठले?" त्यांनी विचारलं.

"ते सासरचं नाव."

"आणि माहेर?"

"माहेर आता राहिलं नाही."

"अरेरे," ते म्हणाले आणि उपम्यावर लिंबू पिळलं.

त्यांचे केस पांढरेशुभ्र झाले होते आणि ते त्यांना शोभत होते. माझेही पांढरे झाले होते, अंग सुटलं होतं, आवाज वर्गात शिकवून शिकवून जाड झाला होता. पण मला वाटत होतं की ज्या माणसाने आपलं इतकं केलं, तो आपल्याला अंधारातसुद्धा ओळखेल. तसं नसतं. लक्षात ठेवायचं काम एकाच बाजूला असतं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. शहराच्या पूर्व भागातल्या मग्गम पेठेची नव्याने आखणी करायची योजना खांबेट्यांनी तयार केली होती. मग्गम म्हणजे तेलुगूत माग. सगळी विणकरांची वस्ती; पुढे यंत्रमागाचे कारखाने, मागे घरं, मधे गल्ल्यांचं जाळं. योजना तपासायला सरकारने तिघांची समिती नेमली. अध्यक्ष दातीरसाहेब, निवृत्त सचिव. दुसरे एक इंजिनिअर, जे दिवसभर नकाशेच बघत बसले. आणि योजना गणितावर आधारलेली म्हणून गणिताचं कोणीतरी हवं, तर मी. बंगळूरला विचारणा आली तेव्हा मी त्याच दिवशी होकार कळवला आणि परदेशातली एक परिषद सोडून दिली. दातीरसाहेबांकडे मी एकच आग्रह धरला: सुनावणी कचेरीत नको, पेठेतल्या शाळेच्या सभागृहात घ्या, आणि तिथल्या प्रत्येक घरी माणूस पाठवून बोलावणं करा.

"लोकांचा फार विचार करता तुम्ही," ते कौतुकाने म्हणाले.

मी एकाच माणसाचा विचार करत होते.

सुनावणीला जाताना खांबेटे आमच्याच गाडीत बसले. वाटेत त्यांनी मला आपला सिद्धांत समजावून सांगितला. म्हणजे माझा सिद्धांत मला समजावून सांगितला.

पंचविशीत मी पुण्याला त्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम केलं होतं. गणितात एम.एस्सी. झालेली, घरी तेलुगू बोलणारी विणकराची मुलगी. त्यांच्या विभागात आर्किटेक्ट पुष्कळ होते, गणितवाली मी एकटी. ते मला 'मिस येमूल' म्हणत. माझं पहिलं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मला लहानपणापासून एक कोडं पडलेलं होतं. आमच्या पेठेत काही गल्ल्यांत बायका दारात बसून विड्या वळत, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत, दिवस कसा जाई कळत नसे. आणि चार पावलांवरची दुसरी गल्ली तेवढीच रुंद, तशीच घरं, पण तिथे दारं बंद. असं का? त्याचं उत्तर मी गणितात शोधलं. नकाशा घ्यायचा, लांबीरुंदी विसरायची. प्रत्येक गल्ली म्हणजे एक ठिपका. दोन गल्ल्या एकमेकींना मिळत असतील तर त्या ठिपक्यांमध्ये एक रेघ. मग एका गल्लीतून बाकीच्या सगळ्या गल्ल्यांत जायला किती वळणं घ्यावी लागतात त्यांची बेरीज. बेरीज कमी, ती गल्ली गजबजलेली. बेरीज मोठी, ती गल्ली खोल, एकटी. मी दहा गावं मोजली आणि दहाही गावांत तसंच निघालं.

पुढे ते पुस्तक झालं. त्याला लोक 'खांबेटे सिद्धांत' म्हणू लागले. माझं नाव पुस्तकात कुठेच नव्हतं. त्याचा राग आला होता. पण तेवढ्या रागासाठी कोणी इतकी वर्षं दात आवळून बसत नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष बाकांवर, उरलेले खिडक्यांत. मी व्यासपीठावर बसले आणि नजरेने शोधायला लागले. तो शेवटच्या बाकावर होता. माझा धाकटा भाऊ, अंबादास. त्याने मला बघितलं तसा तो उठला. दारापर्यंत गेला, तिथे थांबला, भिंतीला टेकून उभा राहिला. बाहेर मात्र गेला नाही. मला तेवढंच हवं होतं.

खांबेटे सुरेख बोलले. नकाशे दाखवले, लोकांना हसवलं, एका म्हातारीला "आजी, तुमच्या घरात ऊन येईल बघा आता" असं म्हणून टाळ्या मिळवल्या. मग दातीरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टर, गणिताच्या बाजूने काही विचारायचंय?"

"थोडंसंच," मी म्हटलं. "सर, आधी तुमचं अभिनंदन. ही अख्खी योजना तुमच्या सिद्धांतावर उभी आहे."

"आहे खरी," ते हसले.

"म्हणून समितीला एक खात्री हवी. हल्ली आपण ऐकतो, मोठ्या नावांची कामं हाताखालची माणसंच करतात. उद्या काही चुकलं की तीच पुढे ढकलली जातात. या लोकांची घरं आहेत. हा सिद्धांत पूर्णपणे तुमचा आहे, असं आम्ही धरून चालू ना?"

त्यांना ते लागलं. ते तसंच लागावं, हेच मला हवं होतं. त्या वर्षी त्यांना एक मोठा सन्मान मिळायचा होता आणि पुण्यात कुजबूज होती की हे गणित त्यांचं नाही.

"डॉक्टर सांगवीकर," ते ताठ होऊन म्हणाले, "या सिद्धांताची पहिली ओळ मी लिहिली आणि शेवटचीही."

"आकडेमोड? तीही?"

"तीही. मी सहायकांच्या जिवावर नाव मिळवणाऱ्यांतला नाही."

"म्हणजे हे गणित जिथे जिथे वापरलं गेलं, तिथली जबाबदारी तुमची."

"शंभर टक्के माझी."

मी लघुलेखकाला विचारलं, "लिहिलंत?" त्याने मान हलवली. दातीरसाहेबांनी माझ्याकडे जरा चमकून बघितलं.

"छान," मी म्हटलं. "याच पेठेत तुम्ही हा सिद्धांत पूर्वी एकदा वापरला होता ना?"

त्यांचा हात पाण्याच्या पेल्याकडे गेला. "सुरुवातीच्या काळात. फार छोटं काम होतं ते."

"नळाचा बोळ."

बायकांच्या बाजूला कोणीतरी तेलुगूत देवाचं नाव घेतलं.

नळाचा बोळ आमच्या घरामागे होता. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने भिंतीला लागावं इतका अरुंद. एका टोकाला सार्वजनिक नळ होता, तो बंद पडल्यावर तिथे कोणाचं काम उरलं नाही. माझ्या बेरजेत तो पेठेतला सगळ्यात खोल बोळ निघाला. महानगरपालिकेने खांबेट्यांना पेठ सुधारायला सांगितली तेव्हा त्यांनी माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हा बोळ कोणी वापरत नाही, तो बुजवून जागा शेजारच्या कारखान्याला देऊ. मी सांगितलं, सर, हा आकडा रोजच्या चालण्याचा आहे, पळून जाण्याचा नाही. पुढची वाट अडली तर मागच्या घरांना हा एकच बोळ आहे. तो काढून टाकून पुन्हा गणित मांडा, कोण अडकतं ते बघा. मी मांडूनही दाखवलं. त्यांनी कागद बाजूला सरकवला. "मिस येमूल, अपवादासाठी शहर आखायचं नसतं."

बोळाच्या तोंडाशी भिंत बांधून दोन महिने झाले नसतील, शेजारच्या कारखान्यात सुताच्या गठ्ठ्यांना आग लागली. भर दुपारची वेळ. पुढची गल्ली धुराने भरली आणि लोक सवयीने मागे धावले. माझी थोरली बहीण नागमणी त्यात होती. तिने विड्या वळून मला शिकवलं होतं; पुण्याला निघाले तेव्हा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन ती स्टेशनपर्यंत चालली होती. तिने शेजारणीची दोन लेकरं त्या भिंतीवरून पलीकडे दिली. तिसऱ्यांदा हात वर आले नाहीत, असं पलीकडच्या लोकांनी सांगितलं. तिच्याबरोबर आणखी चौघं गेली.

चौकशी झाली. चौकशीत खांबेट्यांनी एक निवेदन दिलं आणि ते सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. बोळ बंद करण्याचा निष्कर्ष माझ्या सहायक मिस येमूल यांच्या गणिताचा होता; मी त्यांच्यावर विसंबलो, हे माझं दुर्दैव. सिद्धांत त्यांचा आणि आग माझी. आयुष्यात त्यांनी माझं नाव जाहीरपणे घेतलं ते त्या एका वाक्यात.

"तो प्रकार," खांबेटे आता सभागृहात म्हणत होते, "फार दुर्दैवी होता. पण त्याची चौकशी झालेली आहे. त्यात सहायकाची चूक सिद्ध झालीय."

"कुठला सहायक?" मी विचारलं. "तुम्ही आत्ता म्हणालात, आकडेमोडही तुमचीच."

"म्हणजे... सिद्धांत माझा. त्या विशिष्ट ठिकाणी वापर सहायकाने केला."

"तुमची जबाबदारी शंभर टक्के म्हणालात. वाचून दाखवायला सांगू?"

"डॉक्टर, मला कळत नाहीये, याचा आजच्या योजनेशी काय संबंध?"

मी उठले आणि खडू त्यांच्यापुढे धरला. "फळा आहे. तुमचंच सूत्र आहे. त्यातून 'हा बोळ बंद करा' असं कुठे निघतं, तेवढं दाखवा. निघत असेल तर सहायकाची चूक. मी इथल्या इथे माफी मागते."

त्यांनी खडू घेतला. नाइलाजच होता, सगळी पेठ बघत होती. त्यांनी सूत्र लिहिलं. पुस्तकात छापलेलं होतं, तसं पाठ होतं. मग ते थांबले. मला माहीत होतं ते थांबणार. त्यांना ते सूत्र कधी कळलंच नव्हतं. ते माझ्याकडून तयार घेतलेलं होतं, आणि तयार घेतलेल्या गोष्टीचा पुढचा टप्पा कोणालाच येत नाही. त्यांनी एक ओळ लिहिली, पुसली. पुन्हा लिहिली. बोटांनी पुसल्यामुळे त्यांच्या कोटाच्या बाहीला पांढरं लागलं. मी मदत केली नाही. दातीरसाहेब काहीतरी म्हणायला पुढे झाले तेव्हा मी हाताने त्यांना थांबवलं. मला ती शांतता पुरती हवी होती.

"नाही निघत," शेवटी मीच म्हटलं. "हे सूत्र गल्ली किती खोल आहे एवढंच सांगतं. बंद करा असं ते सांगत नाही. ते माणूस सांगतो. कोणी सांगितलं?"



भिंतीला टेकलेला अंबादास पुढे आला. बाकांच्या मधून, लोकांचे गुडघे ओलांडत. त्याचा आवाज फुटला होता. "सांगा की ओ! बोळ कुणी बंद केला?"

खांबेट्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एका बाजूला सिद्धांत होता, दुसऱ्या बाजूला भिंत. 'सिद्धांत माझा नाही' म्हणावं तर गेल्या वीस वर्षांतलं सगळं जातं. 'माझा' म्हणावं तर ती पाच माणसं त्यांच्या अंगावर येतात. या दोन वाटा मी फार दिवस घासून तयार केल्या होत्या. तिसरी मी ठेवलेली नव्हती.

"शिफारस माझी होती," ते म्हणाले. मग लगेच, घाईने, "पण गणित माझं नव्हतं. खरंच नव्हतं. एक मुलगी होती, तिचं होतं. येमूल म्हणून कोणीतरी."

त्यांनी दोन्ही गमावलं. मला एकच मिळेल असं वाटलं होतं.

"पहिलं नाव काय तिचं?" मी विचारलं.

त्यांना येईना.

"पद्मजा," मी म्हटलं. "पद्मजा येमूल. बोळ बंद करू नका म्हणून मी तुम्हाला सांगितलं होतं, सर. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

आता त्यांनी मला ओळखलं. त्यांचा चेहरा मी नीट बघून घेतला. सावकाश, जसा कोणी नकाशा बघतो तसा. खुर्चीचा हात धरून ते खाली बसले. "अपवादासाठी..." एवढं म्हणाले आणि पुढे गेले नाहीत. सभागृहात गलका उठला. एक बाई सतरंजीवरून उठून व्यासपीठाकडे आली, खांबेट्यांच्या समोर उभी राहिली. तिचा नवरा त्या पाचांत होता. पोलिसांनी खांबेट्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं.

विश्रामगृहावर परतल्यावर दातीरसाहेबांनी मला व्हरांड्यात गाठलं. ते चिडले होते. "हे तुम्ही आम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला नेमलं नसतं."

"नसतंच नेमलं."

"म्हणून नाही सांगितलं." मी राजीनामा तिथेच त्यांच्या हातात दिला. तो मी बंगळूरहून निघतानाच तयार करून आणला होता.

खांबेटे सामान न्यायला आले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. मी उठून आत जाऊ शकले असते. गेले नाही. ते समोर येऊन उभे राहिले. बाहीवरचा खडू तसाच होता.

"मिस येमूल, मी तुमची क्षमा मागतो."

"नको."

"मी म्हातारा झालोय. माझ्याकडे आता..."

"नागमणी पस्तिशीची होती," मी म्हटलं. "तुम्ही पुष्कळ जगलात."

ते गेले. मला लोकांनी सांगितलं होतं की असं काही केलं की नंतर पोकळ वाटतं, हात रिकामे वाटतात. मला तसं काही वाटलं नाही. मला भूक लागली.

पुढे समितीच्या उरलेल्या दोघांनी नवा गणिती घेऊन पुन्हा सुनावणी केली आणि योजना फेटाळली. भिंत पाडून बोळ मोकळा केला गेला. खांबेट्यांचा सन्मान रद्द झाला, विद्यापीठाने पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं, पुण्यातल्या समारंभांतून त्यांची खुर्ची हळूहळू नाहीशी झाली. काही वर्षांनी ते वारले. बातमी आतल्या पानावर होती, चार ओळींची. ती वाचून मी आणखी एक कप चहा केला.

पण त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं.

शाळेच्या फाटकाबाहेर, आमची गाडी निघण्याआधी, अंबादास माझी वाट बघत उभा होता. आगीनंतर मी तीनदा त्याच्या दारात गेले होते. पहिल्यांदा त्याने ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं, "तुझं नाव छापलंय." दुसऱ्यांदा नागमणीच्या वर्षश्राद्धाला, साऱ्या भावकीसमोर म्हणाला, हिच्या गणिताने पेद्दक्का, आमची थोरली अक्का, खाल्ली. तिसऱ्यांदा त्याने आतून कडी लावली. तेव्हापासून मी सोलापुरात पाऊल ठेवलं नव्हतं. त्याच्या लग्नाचं मला परक्याकडून कळलं. माझ्या लग्नाचं त्याला कळलं की नाही, ठाऊक नाही.

"चिन्नक्का," तो म्हणाला. धाकटी अक्का. ते नाव मला हाक मारायला आता जगात तो एकटाच उरला होता. त्याच्या कानांवरचे केस पिकले होते. डोळे वाहत होते आणि तो पुसत नव्हता. "घरी चल. जेवून जा. मला काही माहीत नव्हतं गं."

"मी सांगितलं होतं."

"हो, पण मला वाटलं..."

मी गाडीच्या दारावर हात ठेवून उभी होते. ड्रायव्हर बसलेला होता.

"अंबादास," मी म्हटलं, "तो माणूस म्हणाला की हिनेच मारलं, तू मानलंस. आज तोच माणूस म्हणाला की हिने नाही मारलं, ते पण मानलंस. दोन्ही वेळा त्याचंच. माझं तू कधी मानलंस?"



मी गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. खांबेट्यांशी बोललेला शब्द न् शब्द मी वर्षानुवर्षं घोकून नेला होता. हे घोकलेलं नव्हतं. गाडी वळेपर्यंत तो फाटकाशी उभा दिसत होता, आणि मी ड्रायव्हरला थांब म्हणाले नाही.